मानेची गाठ आणि दोन बाटल्या



तुरीची रास आटोपली की आपल्या भागात घरोघरी माणसांच्या दुखण्यांकडे लक्ष जाते. पेरणीपासून काढणीपर्यंत अंगावर काढलेली दुखणी मग एकेक करून बाहेर येतात. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि तिकडे आळंद या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांत आमचे जाणे-येणे असते. तेथे एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो: "मानेला गाठ आलीय, पण दुखत नाही, म्हणून बघितलं नाही." या न दुखणाऱ्या गाठीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. निमित्त झाले ते एका बाटलीचे.

आमच्या माहितीतील एका तरुण शेतकऱ्याच्या मानेला मृगाच्या पेरणीवेळी गाठ आली. आधी घरचा लेप झाला, मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या झाल्या. संध्याकाळी कणकण येऊ लागली आणि वजन उतरले, तेव्हा "गंडमाळ दिसते, म्हणजे क्षयच" असे ठरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठीचा तुकडा कोणी तपासला नव्हता. चार महिन्यांनी काखेतही गाठी आल्या. तेव्हा एका गावी लहानशी शस्त्रक्रिया करून एक गाठ काढली, सलाइनच्या पाण्यात घालून बाटली थोरल्या भावाच्या हाती दिली आणि शहरात तपासायला न्या म्हणून सांगितले. तो दिवस शनिवारचा होता. रविवारी प्रयोगशाळा बंद. सोमवारी दुपारी बाटली पोहोचली ती उन्हातून, बसमध्ये मांडीवर धरून आणलेली. तेथील माणसाने झाकण उघडले आणि म्हणाला, "तुकडा खराब झालाय. यावर खुणांची तपासणी होणार नाही."

दुसरी गाठ काढावी लागली. त्या वेळी बाटली योग्य होती. निदान आले हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, आणि त्यातही पुष्कळदा बरा होणारा. उपचार झाले, परंतु त्याआधी जवळजवळ आठ महिने हातचे गेले होते आणि दावणीची बैलजोडी विकली गेली होती. तो पुरता बरा झाला असे म्हणायला अजून वेळ आहे. यंदा खळ्यावर बसून रास पाहण्याइतकी ताकद त्याला आली आहे, एवढेच आम्ही सांगू शकतो.

यावरून आमचे जे मत झाले आहे ते सरळ मांडतो. न जाणाऱ्या गाठीवर अंदाजाने औषध देऊ नये. गाठीचा तुकडा तपासावा. तो योग्य बाटलीत ठेवावा. आणि डॉक्टरांना गरज वाटेल तेथे त्यातील पेशींच्या खुणा प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखून घ्याव्यात. शहरातील श्रीमंतांसाठी असलेली ही चैन आहे, असे समजण्याचे दिवस गेले. आपल्या जिल्ह्यांतील गरिबालाही ती मिळाली पाहिजे.

तुरीच्या शेतात आपण हेच करतो. उभे झाड अचानक मान टाकते. वरून पाहून पाण्याचा ताण आहे की मर आहे हे सांगता येत नाही. दोन्हींत पाने पिवळी पडतात, शेंडा वाळतो. जाणता शेतकरी काय करतो? झाड उपटतो आणि खोड उभे चिरून पाहतो. आत काळपट तपकिरी रेघा दिसल्या की ती मर. मग तेथे पाणी सोडून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तेथे तूर घेऊ नये, रोगाला दाद न देणारे वाण पाहावे. पिकाच्या बाबतीत ही अक्कल आपणांस आहे. घरच्या माणसाच्या मानेतील गाठीच्या बाबतीत मात्र आपण वरूनच निदान करतो.

ही चूक केवळ खेड्यांतील नव्हे. लंडनमधील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या रोगाचे वर्णन प्रथम केले. १८९८ साली व्हिएन्नाचे डॉ. कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातील मोठ्या, विचित्र पेशींचे सविस्तर वर्णन केले, पण हा क्षयाचाच एक प्रकार असावा असे त्यांचे मत होते. १९०२ साली अमेरिकेतील डॉ. डोरोथी रीड या तरुण स्त्री डॉक्टरने बारकाईने पाहून सांगितले की हा क्षय नव्हे, हा वेगळाच रोग आहे. त्या पेशीला आज दोघांचेही नाव आहे. एवढा मोठा विद्वान सूक्ष्मदर्शकातून पाहूनही फसला, तर नुसते बोटाने चाचपून आपण काय ओळखणार? संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे ही लक्षणे तर दोन्ही रोगांत सारखीच आढळतात.

आता या गाठीत असते काय, ते पाहू. मान, काख, जांघ येथे घेवड्याच्या दाण्यासारख्या लसिकाग्रंथी असतात. त्या शरीराच्या चौक्या होत. तेथे पहारेकरी पेशी राहतात. त्यांत दोन मुख्य जाती आहेत: बी पेशी आणि टी पेशी. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात; टी पेशी रोगाची लागण झालेल्या पेशी मारतात आणि इतरांना कामाला लावतात. घसा आला, दात किडला, पायाला जखम झाली की चौकीत पहारेकऱ्यांची गर्दी होते आणि गाठ सुजते. अशी सूज बहुधा काही आठवड्यांत ओसरते. क्षयाचे जंतू तेथे ठाण मांडून बसले तर गंडमाळ होते. आणि कधी पहारेकऱ्यांपैकीच एखादी पेशी बिघडते व बेसुमार वाढू लागते, तो लिम्फोमा.

अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली बी पेशी आणि टी पेशी जवळजवळ सारख्याच दिसतात: गोल, लहान, निळ्या ठिपक्यांसारख्या. बाजारात शंभर जनावरे एकाच रंगाची उभी असली तर कोणते कोणाचे हे कसे कळणार? म्हणून आज जनावरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. निसर्गानेही पेशींना असे बिल्ले दिलेले आहेत. पेशीच्या अंगावर विशिष्ट प्रथिने असतात. बी पेशीवर एक, टी पेशीवर दुसरे. पण ते बिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. ते वाचण्यासाठी माणसाने प्रतिपिंडांनाच कामाला लावले.

प्रतिपिंड हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. शेतात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले की दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात, ते घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासूनच केलेले असते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. त्याचे रक्त त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडे तयार करते. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या वस्तूलाच चिकटते, जशी किल्ली आपल्याच कुलपाला लागते. मग विषाला चिकटणारे प्रतिपिंड मिळते, तर बी पेशीच्या बिल्ल्याला चिकटणारे का मिळू नये? आणि त्याला रंग लावला तर बिल्ला दिसणार नाही का?

हीच कल्पना अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली प्रत्यक्षात आणली. त्यांनी प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडले आणि विशेष प्रकाशात ते चमकताना पाहिले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या किंवा गुराच्या मेंदूत रेबीजचा विषाणू आहे की नाही, हे आजही याच पद्धतीने पाहतात. १९४१ याच वर्षी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. उपचाराच्या आधी तुकड्याची नीट तपासणी, ही शिस्त आपल्या देशात घालून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

पुढे १९६० नंतरच्या वर्षांत चमकणाऱ्या द्रव्याऐवजी प्रतिपिंडाला एक विकर जोडण्याची युक्ती निघाली. ते विकर विशिष्ट रसायनाशी मिळाले की तपकिरी रंग उमटतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. परंतु प्रतिपिंडे प्राण्यांच्या रक्तातून येत. प्रत्येक खेप निराळी, भेसळीच्या बियाण्यासारखी. १९७५ साली केंब्रिजमध्ये ज्योर्ज क्योलर आणि सेझार मिलश्टाइन यांनी त्यावर उपाय काढला. उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी आणि सतत वाढत राहणारी कर्कपेशी यांचा त्यांनी संकर केला. अशा एका संकरित पेशीच्या वंशातून एकाच जातीचे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे मिळू लागले. १९८४ साली त्यांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मग जगभरच्या प्रयोगशाळांत शेकडो प्रतिपिंडे तयार झाली आणि प्रत्येकाने आपापली नावे दिली. तो गोंधळ मिटवण्यासाठी १९८२ साली पॅरिसमध्ये तज्ज्ञ जमले आणि पेशींवरील बिल्ल्यांना क्रमांक देण्याची रीत ठरली. सीडी ३, सीडी २० असे जे शब्द अहवालात दिसतात, ते हे क्रमांक होत. गाण्याच्या तबकडीशी त्यांचा काही संबंध नाही.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते सांगतो, म्हणजे बाटलीचे महत्त्व लक्षात येईल. काढलेली गाठ चिरून फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिन पेशींना जागच्या जागी थिजवते आणि सडू देत नाही. मग पाणी काढून तुकडा मेणात बसवतात; तो मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक. त्याच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. एका मिलिमीटरमध्ये अशा अडीचशे चकत्या बसतात! चकती काचपट्टीवर घेऊन प्रथम नेहमीचे निळे-गुलाबी रंग देतात. डॉक्टर ते पाहून आधी मनाशी शंका ठरवतात आणि मगच कोणती प्रतिपिंडे लावायची ते निवडतात. फॉर्मलिनमुळे बिल्ले थोडे झाकले जातात, म्हणून चकती गरम पाण्यात तापवून ते पुन्हा उघडे करतात. ही युक्ती १९९१ साली पुढे आली आणि तेव्हापासून साध्या मेणाच्या ठोकळ्यावरही ही तपासणी सर्रास होऊ लागली. मग प्रतिपिंड लावायचे, धुवायचे, रंग उमटवायचा. ज्या पेशींवर तो बिल्ला आहे त्या तपकिरी होतात, बाकीच्या निळ्याच राहतात. या साऱ्याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री असे लांबलचक नाव आहे. दवाखान्यात आयएचसी म्हणतात.

चित्र कसे वाचतात? साध्या सुजलेल्या गाठीत सीडी २० लावले की बी पेशींच्या गोल वस्त्या तपकिरी होतात. सीडी ३ लावले की त्या वस्त्यांमधल्या जागेतील टी पेशी तपकिरी होतात. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या गल्लीत आहे. बी पेशींच्या लिम्फोमात बहुधा गल्ल्या मोडलेल्या असतात आणि सीडी २० चा बिल्ला असलेल्या पेशी सगळीकडे पसरलेल्या दिसतात. हॉजकिनमध्ये प्रकार निराळा. तेथे बिघडलेल्या मोठ्या पेशी अगदी थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती साध्या पहारेकऱ्यांची गर्दी असते. त्या थोड्या पेशी सीडी ३० आणि बहुधा सीडी १५ यांनी उठून दिसतात. तुरीच्या पोत्यात चार खडे शोधावेत तसे हे काम आहे. म्हणूनच नुसत्या सुईने काढलेल्या थेंबात त्या पेशी सापडतीलच असे नाही. भरीस भर म्हणजे हॉजकिनच्या गाठीत कधी कधी क्षयासारखे दाणेही दिसतात. मग "क्षय" असा अहवाल येतो आणि सगळेच चुकत जाते.

येथे कोणी घाबरून जाऊ नये. आपल्या देशात मानेच्या रेंगाळलेल्या गाठीत क्षय पुष्कळदा निघतो, आणि क्षय बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध विनामूल्य मिळते. क्षयाचे औषध टाळा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. क्षय असेल तर तो सिद्ध करून घ्यावा, एवढेच म्हणतो. त्यासाठीच दोन बाटल्या लागतात.

एका बाटलीत फॉर्मलिन: दहा टक्के, तुकड्याच्या निदान दहा पट, रुंद तोंडाच्या बाटलीत. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा जातो, पण थिजून कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. दुसऱ्या बाटलीत निर्जंतुक सलाइन आणि गाठीचा लहान तुकडा. तो क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी, आणि तो लगेच पोहोचला पाहिजे. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून तेथून जंतू वाढवून पाहता येत नाहीत. सलाइनमध्ये पेशी सडतात, म्हणून तेथून खुणा पाहता येत नाहीत. एका बाटलीवर दोन्ही कामे होत नाहीत. ही बाटल्यांची बाब चार पैशांची आहे. तिच्यावाचून वर सांगितलेले सगळे शास्त्र व्यर्थ जाते.

आता लोक ज्या शंका काढतात त्यांचा विचार करू.

पहिली शंका, "सुरी लागली की गाठ भडकते." ही भीती घरोघरी आहे, आणि तिच्यामुळे किती माणसे उशिरा पोहोचतात! भडकलेली दिसते ती गाठ आधीच वाढीला लागलेली असते. लोक आशा सुटल्यावर दवाखान्यात जातात आणि दोष सुरीला देतात. मानेतील लसिकाग्रंथी नीट पद्धतीने काढून तपासल्याने लिम्फोमा पसरत नाही. उलट तुकड्यावाचून त्याचे निदानच होत नाही.

दुसरी शंका, "क्षयाच्या गोळ्या घेऊन तर पाहू, त्यात काय बिघडते?" बिघडते. त्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा होते. त्यांतील इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर परिणाम होतो. आणि सर्वांत मोठे नुकसान वेळेचे. क्षय नसेल तर ते महिने रोगाच्या वाढीला दिलेले असतात. तसेच कोणी ताकदीसाठी म्हणून स्टिरॉइड दिले तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते, माणूस खूश होतो, आणि नंतर तुकडा घेतला तरी निदान अवघड होते. म्हणून तुकडा घेण्याआधी ताकदीच्या गोळ्या आणि इंजेक्शने डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसरी शंका, "एवढ्या तपासण्या म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा." ही शंका निराधार नाही. एकेका प्रतिपिंडाचे वेगळे पैसे लागतात आणि चार-सहा लावली की आकडा काही हजारांवर जातो. गरज नसताना लांब यादी लावली जात असेल तर विचारण्याचा हक्क आपणांस आहे. पण ही तपासणी नुसते नाव सांगून थांबत नाही, औषधही ठरवते. रिटुक्सिमॅब नावाचे औषध हे स्वतःच एक प्रतिपिंड आहे. ते सीडी २० चा बिल्ला धरून बी पेशीवर चालून जाते. १९९७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००७ साली आपल्या शेजारच्या हैदराबादेतील डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या कंपनीने त्याच धर्तीचे भारतीय औषध बाजारात आणले. पेशीवर सीडी २० असेल तर या औषधाचा उपयोग. नसेल तर ते पाण्यात गेले. काचपट्टीवरील तपकिरी रंगावर हजारोंचा खर्च आणि माणसाचा जीव अवलंबून असतो.

मात्र हेही सांगितले पाहिजे की प्रतिपिंड म्हणजे देववाणी नव्हे. एकाच खुणेवर निकाल लागत नाही. अनेक खुणा आणि साध्या रंगाचे चित्र एकत्र वाचावे लागते. रंग नीट उमटला की नाही हे पडताळण्यासाठी माहीत असलेल्या तुकड्याची काचपट्टी सोबत लावावी लागते. शेवटी अनुभवी डॉक्टरची नजर हवी. म्हणून निदान आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल तर दुसऱ्या जाणत्याला दाखविण्यात संकोच करू नये.

येथेच मेणाचा ठोकळा उपयोगी पडतो. फॉर्मलिनमधून मेणात गेलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. हॉजकिन यांच्या काळचे लंडनमध्ये जपून ठेवलेले काही नमुने १९२६ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आणि त्यांतील काहींत तोच रोग ओळखता आला! जपलेला तुकडा साक्ष देतो. टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या रोग्यांकडून काचपट्ट्या आणि ठोकळे मागतात ते यासाठीच. तेव्हा अहवालाच्या कागदाबरोबर ठोकळ्याचा क्रमांकही लिहून ठेवा, आणि पुढे जायचे झाल्यास ठोकळा मागून घ्या. जमिनीचा उतारा आपण पेटीत जपतो. हा शरीराचा उतारा समजा.

सरकारकडे आमचे मागणे याच ठोकळ्याशी निगडित आहे. बिदर व कलबुर्गी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कलबुर्गीत बंगळुरूच्या किदवई संस्थेचे केंद्र आहे. सीमेपलीकडे बार्शीचे कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. जाण्याची ठिकाणे आहेत, पण तालुक्याच्या गावापासून तेथपर्यंत रोग्याने आपला तुकडा मांडीवर घेऊन हिंडायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. तालुका रुग्णालयात दोन्ही बाटल्या सदैव असाव्यात. तेथून तुकडा जिल्ह्याला जावा, जिल्ह्यात ठोकळा व्हावा, आणि सीडी ३, सीडी २०, सीडी १५, सीडी ३० अशी मूलभूत प्रतिपिंडे तेथेच गरिबाला विनामूल्य लागावीत. प्रकरण अवघड असेल तर ठोकळा टपालाने मोठ्या संस्थेत जावा. मेणाचा ठोकळा नीट बांधून पाठवला तर प्रवासात सडत नाही, त्याची मजुरी बुडत नाही, त्याला सोबत माणूस लागत नाही. माणसाने हिंडण्यापेक्षा ठोकळा हिंडलेला बरा.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून दाखल झाल्यावरच्या उपचारांना मदत होते, आणि तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु निदान ठरण्याआधीच्या बाहेरच्या तपासण्यांचा भार बहुतेक वेळा घरावरच पडतो. नेमक्या याच टप्प्यावर गरीब माणूस माघार घेतो आणि "गोळ्या घेऊन पाहू" म्हणतो. उपचाराला पैसे द्यायचे आणि निदानाला द्यायचे नाहीत, हे म्हणजे खताला अनुदान देऊन बियाणे तपासायचे नाही असे झाले.

आपल्या हातातील गोष्टीही आहेत. चार ते सहा आठवड्यांत न गेलेली, वाढत जाणारी, रबरासारखी किंवा दगडासारखी लागणारी गाठ डॉक्टरांना दाखवा. गाठ काढायचे ठरले तर आधीच विचारा: "डॉक्टरसाहेब, फॉर्मलिन आहे ना? क्षयाच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा घेणार ना?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. बाटलीवर नाव, वय, तारीख, वेळ आणि तुकडा कोठून काढला ते लिहून घ्या. शनिवारी शस्त्रक्रिया असेल तर प्रयोगशाळा केव्हा उघडते ते पाहा. क्षयाचे औषध चालू असताना गाठ वाढली तर ते आपल्या मनाने सोडू नका. क्षयाची गाठही उपचारात कधी कधी काही काळ वाढते. पण डॉक्टरांना लगेच दाखवा आणि तुकडा तपासला होता का ते विचारा.

आणि आमच्या तरुणांना एक विनंती. ज्यांना कन्नड, मराठी आणि थोडे इंग्रजी वाचता येते, त्यांनी अशा कुटुंबासोबत एक दिवस जावे. त्या थोरल्या भावाने बाटली मांडीवरून क्षणभरही खाली ठेवली नव्हती. त्याने काळजी घेण्यात कसूर केली नाही. त्या बाटलीत काय असायला हवे होते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. आता आपणांस ठाऊक झाले आहे. शेजारच्या घरात कोणाच्या मानेला गाठ असेल तर आज संध्याकाळीच जाऊन सांगा.